दुसऱ्या ताऱ्यावरचा शिंपी

मलकापूरला स्टेशनजवळच्या एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, उकंडराव नारखेडे फिटर होते. त्यांच्याआधीची तीन भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मल्याबरोबर आईनं त्यांना घटकाभर उकिरड्यावर ठेवलं आणि हे नाव दिलं. ते जगले. पण सोळाव्या वर्षापासून कापसाच्या यंत्रांच्या घरघराटात उभं राहून चाळिशीच्या आतच त्यांचे कान गेले. ठार बहिरे नव्हते. कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर ऐकू येई, समोरच्याचे ओठ दिसले तर बरंचसं कळे. पण रोज उठून कोण ओरडणार? लोकांनी हळूहळू त्यांच्याशी बोलणंच टाकलं. बायको कोकिळा सहा वर्षं ओरडली, मग उंद्रीला माहेरी गेली ती गेलीच. उकंडराव आणायला गेले तेव्हा अंगणात उभी राहून ती म्हणाली, "भिताडाशी बोलू बोलू माहा घसा बसला हो." तिच्या ओठांवरून त्यांनी ते वाचलं आणि पुढच्या एस.टी.नं एकटेच परत आले.

जिनात एक लांबोडकं रुईघर होतं. यंत्र थांबलं तरी तिथं कितीतरी वेळ रुईचे तंतू हवेत तरंगत राहत, वरच्या झरोक्यातून आलेल्या उन्हात चमकत. एकदा पट्टा तुटला म्हणून ते आत गेले आणि काम विसरून तिथंच उभे राहिले. ही हवा पृथ्वीवरची नाही, असं त्यांना वाटलं. भीती वाटली नाही, उलट बरं वाटलं. त्या काळात वर्तमानपत्रांत यानांची आणि उपग्रहांची चित्रं येत असत. ती कापून त्यांनी घरच्या कपाटाला आतून चिकटवली होती.

१९६३ च्या सुमाराला जिनाच्या मालकाचा पुतण्या मुंबईहून आला. त्याच्याजवळ चावीचा, आठ मिलिमीटरचा सिनेमाचा कॅमेरा होता. चावीची स्प्रिंग तुटली होती. उकंडरावांनी घड्याळाच्या स्प्रिंगपासून नवी घडवून बसवली. पुतण्यानं तोवर नवीन कॅमेरा मागवला होता. त्यानं हातानंच खूण केली, ठेव तुझ्याजवळ.

चित्रं घेणं जमलं. फिल्म टपालानं मुंबईला धुवायला पाठवायची, महिन्याभरानं परत यायची. पण ती पडद्यावर दाखवायची कशी? एक-एक चित्र क्षणभर थांबलं पाहिजे, मग पुढं सरकलं पाहिजे, मग पुन्हा थांबलं पाहिजे. हे कसं साधतात ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. एक दिवस ते बाजारात निजाम टेलरच्या दुकानापुढं पायजमा शिवायला टाकायला गेले आणि शिलाई मशीनकडे पाहत अर्धा तास खिळून राहिले. सुई वर असली की कापड पुढं सरके, सुई खाली आली की थांबे.

निजाम पायडल थांबवून ओरडला, "काय पाहून राह्यले, भाऊ?"

उकंडरावांनी कानाला हात लावला. निजाम दुसऱ्यांदा ओरडला नाही, वैतागलाही नाही. कापड आखायचा खडू उचलला आणि कापायच्या फळीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'काय पाहिजे?'

"हे थांबते कसं, ते पाहिजे," उकंडराव म्हणाले.

निजाम हसला. मशीन उलटं करून खालचे, कापड पुढं ढकलणारे दात दाखवले. आठवड्यानं एक मोडकं मशीन त्यानं त्यांना देऊनच टाकलं. त्याच्या दातांवर उकंडरावांनी हातानं फिरवायचा प्रोजेक्टर बनवला. भिंतीवर पहिलं चित्र हललं तेव्हा तिथं दोघंच होते. निजामनं फळी सोबत आणली नव्हती, म्हणून त्यानं नुसते दोन्ही हात वर केले.

पुढची चार वर्षं उकंडरावांनी घरातच सिनेमे काढले. रुईचे ढग, रुईचं चंद्रावरचं पठार, दोऱ्याच्या रिकाम्या रिळांचं यान. काळ्या पुठ्ठ्याला भोकं पाडून मागं दिवा लावला की आकाश तयार. नट म्हणून कुणी मिळेना, मग सगळी कामं तेच करत. भिंगाचा अर्धा भाग झाकून एकदा चित्र घ्यायचं, गोधडीखाली अंधारात फिल्म मागं गुंडाळायची, मग दुसरा अर्धा झाकून पुन्हा घ्यायचं. पडद्यावर डाव्या बाजूचे उकंडराव उजव्या बाजूच्या उकंडरावांना पाणी देत. सिनेमे मुके होते, आणि त्यांना त्यात काही उणं वाटत नसे.

ते पाहून निजामनं एकदा दुकानातल्या फळीवर लिहिलं, 'स्वतःशी किती दिवस भेटणार? मी येतो.'

असा 'दुसऱ्या ताऱ्यावरचा पाहुणा' तयार झाला. निजामनं मांजरपाटाचा पायघोळ पोशाख शिवला, त्याला चंदेरी रंग दिला. उकंडरावांनी पत्र्याचं शिरस्त्राण केलं, डोळ्यांपुरत्या दोन फटी ठेवल्या. सगळं गाठोडं बांधून दोघं एस.टी.नं लोणारला गेले. तळ्याच्या काठी पांढरट खाऱ्या मातीवर तो पोशाख घालून निजाम लांबून चालत आला. जन्मभर पायडल मारून त्याची चाल वेगळीच झाली होती, उजवं पाऊल जरा बाहेर टाकून तो चाले. गुराखी जमले, हसले. उन्हानं पत्रा तापला. दुपारी दोघांनी झाडाखाली भाकरी आणि खिमा खाल्ला, आणि निजाम काहीतरी सांगत होता ते उकंडरावांना ओठांवरून सगळंच्या सगळं कळलं. येताना बसमध्ये दोघंही झोपले.

गोष्ट साधी होती. पाहुणा पृथ्वीवर येतो, फिटरच्या घरी राहतो, इथली हवा त्याला सोसत नाही, तो मरतो. फिटर त्याला रुईनं झाकतो.

दसऱ्याला जिनात यंत्रांची पूजा झाल्यावर उकंडरावांनी चादर बांधून तो सिनेमा दाखवला. शंभरेक माणसं होती. पाहुण्याची चाल दिसताच पुढचा हमाल ओरडला, "अबे, हा त निजाम टेलर!" मग जो हशा उसळला तो थांबेना. पाहुणा मेला तेव्हा तर लोक एकमेकांच्या अंगावर पडले. उकंडरावांना हसणं ऐकू आलं नाही. हलणारे खांदे मात्र दिसत होते. ते शेवटपर्यंत दांडा फिरवत राहिले. दुसऱ्या दिवशी दुकानात गेले तर फळीवर आधीच लिहून ठेवलं होतं, 'दुसरा बनवू.'

तो बनला नाही. १९६८ च्या जानेवारीत, ऐन हंगामात, निजाम आठ दिवसांच्या तापानं गेला. जिन दोन्ही पाळ्यांत चालू होतं. गावाला कळलं, जिनातल्या लोकांनाही कळलं. उकंडरावांच्या कानाशी येऊन ओरडावं असं कुणाच्या मनात आलं नाही. पाचव्या दिवशी ते दुकानाकडे गेले तेव्हा कुलूप दिसलं. शेजारच्या पानवाल्यानं हात जोडून मान एका बाजूला टाकली. त्या खुणेचा अर्थ समजायला त्यांना थोडा वेळ लागला.

मे महिन्यात जिन बंद होतं. एका दुपारी दारात दोन बायका उभ्या राहिल्या. एक निजामची थोरली बहीण नजमुन्निसा, खणखणीत आवाजाची. दुसरी त्याची बायको ताहेरा. नजमुन्निसानं उकंडरावांच्या कानाशी येऊन सांगितलं, "भाऊ, आमच्या निजामचा एकबी फोटो नाही घरात. त्याले आवडेच ना. तुमच्या सिनेमात तो चालते म्हणे. तेवढं दाखवा हिले."

उकंडराव म्हणाले, "आपा, तोंड नाही त्यात. सारं झाकेल हाय."

नजमुन्निसानं मागं वळून पाहिलं. ताहेरानं मान हलवली, चालेल.

त्यांनी खिडकीला गोधडी टाकली, बायकांना खाटेवर बसवलं आणि दांडा फिरवायला लागले. भिंतीवर लोणारचा काठ आला, लांबून चंदेरी पोशाख आला. अंधारात ताहेरा काही बोलली असावी. उकंडरावांना ना ते ऐकू आलं, ना ओठ दिसले. ते फिरवत राहिले. पाहुणा घरी आला, आजारी पडला, खाली कोसळला, त्याच्यावर रुई पडू लागली. तेव्हा नजमुन्निसानं त्यांचा खांदा गच्च धरला. त्यांनी घाईघाईनं दिवा बंद केला, खिडकीवरची गोधडी ओढली.

ताहेराचा चेहरा ओला होता. उजेडात ती त्यांच्याकडे पाहून सावकाश म्हणाली, ओठ दिसतील अशी, "चाल त्याईचीच हाय. पुन्हा लावा. पण मरतात ते नको."

त्यांनी तीनदा लावला, तीनदाही वेळेवर थांबवला. त्या गेल्यावर कात्री घेऊन त्यांनी शेवटचा तुकडा कापून टाकला. मग त्या सिनेमाला शेवटच उरला नाही. पाहुणा फिटरच्या अंगणात बसलेला असे आणि भिंत पांढरी होई.

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी, जिनाच्या सुट्टीच्या दिवशी, त्या दोघी येऊ लागल्या. उकंडरावांनी दोन नव्या कपबश्या आणल्या. चहा होई, चार मिनिटांचा सिनेमा होई, मग नजमुन्निसा गावातल्या बातम्या ओरडून सांगे. ताहेरा कमी बोले, पण बोलताना त्यांच्याकडे तोंड करायचं ती कधी विसरली नाही. त्या यायच्या आदल्या दिवशी ते घर झाडून घेत.

एकोणसत्तरच्या जुलैत माणूस चंद्रावर उतरला. सगळं मलकापूर रेडिओभोवती गोळा झालं होतं. उकंडराव वर्तमानपत्राची वाट पाहत राहिले. छायाचित्र आलं ते त्यांनी बराच वेळ पाहिलं. पोशाख होता, काचेचं शिरस्त्राण होतं, पण चेहरा नव्हता. त्याच्या घरच्यांनीही त्याला चालीवरूनच ओळखलं असेल, असं त्यांच्या मनात आलं, आणि ते एकदम उठले.

वाया गेलेले तुकडे ते एका डब्यात टाकत. लोणारला अर्धं रीळ संपल्यावर दुसऱ्या कडेनं चित्रं घ्यायला फिल्म उलटी घालताना ऊन शिरलं होतं. तो डागाळलेला तुकडा त्यांनी न पाहताच कापला होता. निजामचा चेहरा त्यात कुठं असेल का, म्हणून तो डबा त्यांनी चटईवर उपडा केला. दोन दिवस भिंगानं एकेक तुकडा पाहिला. शेवटी सापडला. सीन संपला असं समजून निजामनं शिरस्त्राण काढलं होतं, आणि कॅमेऱ्याची चावी अजून उतरायची होती, चित्रं निघतच होती. अकरा चित्रं. पडद्यावर एका सेकंदाहूनही कमी. बहुतेकांवर उन्हाचा पांढरा लोट होता, पण तीन चित्रांत निजाम होता. केस घामानं चिकटलेले, एक हात डोळ्यांवर, हसताना.

हे पडद्यावर थांबवून दाखवता येणार नव्हतं, दिव्यानं फिल्म वितळली असती. स्टेशन रोडच्या फोटोवाल्याला त्यांनी ते करंगळीच्या अर्ध्या नखाएवढं चित्र दिलं. पहिला कागद नुसता करडा आला, दुसऱ्यावर चेहरा उतरला. तळहाताएवढा, दाणेदार, पण निजामच.

फोटो आठ दिवस त्यांच्याजवळच राहिला. हा दिला की त्या दोघींना इथं यायचं कारण उरणार नाही, हे त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. रोज कामावर जाताना ते तो खिशात घालत आणि संध्याकाळी तसाच परत आणत. नवव्या दिवशी ते स्वतः ताहेराच्या घरी गेले. दारातच तिच्या हातात दिला.

ताहेरानं फोटो पाहिला. मग उंबऱ्यावर बसली. बराच वेळ तिनं मान वर केली नाही, त्यामुळं ती काही म्हणाली का, हे उकंडरावांना कळलं नाही. नजमुन्निसा त्यांच्या कानाशी येऊन काही सांगू पाहत होती, पण तिचा नेहमीचा आवाज लागत नव्हता. उकंडराव म्हणाले, "राहू द्या, आपा," आणि निघाले.

त्या पुन्हा आल्या नाहीत. ईदला शीरखुर्म्याचा डबा मात्र दरवर्षी येत राहिला, कुणाच्या तरी हाती. कपबश्या फडताळात वर गेल्या.

हिवाळ्यात उकंडरावांनी नवा सिनेमा घेतला. त्यात शनीवरची माणसं होती आणि त्यांना शिरस्त्राणं नव्हती. तिथली हवा सगळ्यांना सोसते, असं त्यांनी ठरवलं. जिनात कापूस निवडायला येणाऱ्या गोजरबाईला विचारलं. म्हातारी, एका डोळ्यात फूल पडलेलं, कुणाशी फारसं न बोलणारी.

"मले काय करा लागते?" तिनं हातवारे करत विचारलं.

"काई नाई. इकडं पाहाचं."

"काऊन?"

उकंडरावांनी तिला रुईच्या ढिगापुढं बसवलं, डोक्यावरचा पदर जरा मागं सारायला सांगितला, आणि चावी भरली. गोजरबाई कॅमेऱ्याकडे पाहत राहिली, आधी लाजून, मग हसू दाबत, मग नुसतीच. चावी पूर्ण उतरेपर्यंत त्यांनी कॅमेऱ्यावरचा डोळा काढला नाही.