‘आलोच’ म्हणणारं गाव

अख्खं गाव तिला वहिनी म्हणायचं आणि अख्ख्या गावावर वहिनीचा राग होता. जुन्या देवळांचे पडके खांब बघायला लांबलांबून लोक यायचे, तिच्या छोट्याशा लॉजवर उतरायचे आणि गावासारखेच सुस्तावायचे. दुपारी इथे कुत्रंसुद्धा भुंकायचा कंटाळा करी. त्यातून गावाचा लाडका शब्द ‘आलोच’. बोलायचं भूतकाळात आणि उगवायचं भविष्यकाळात, असं इथलं व्याकरण. तिचा रिक्षावाला दीर तर त्यातला पंडित होता.

आज मात्र वहिनीला घाई होती. तिची थोरली बहीण एका दिवसापुरती आली होती. पुढच्या आठवड्यात ती मुलाकडे परदेशात कायमची जाणार होती. त्याआधी दोघींनी मिळून देवळं बघायची, एवढंच ठरलं होतं. इतक्या जवळ राहून वहिनीनेही ती कधी धड पाहिली नव्हती.

“भाऊजी, कुठे आहात?” तिने पुन्हा फोन लावला.

“आलोच, वहिनी.” मागे कॅरमच्या सोंगट्या खडखडत होत्या.

“खड्ड्यात गेलं तुमचं आलोच. तिकडे गेट बंद होईल. ताईला संध्याकाळची बस आहे.”

ताई व्हरांड्यात पर्स मांडीवर घेऊन बसली होती. “चिडू नकोस गं. येतील.”

“येतील, येतील म्हणतच हे गाव बसलंय.”

एकदाची रिक्षा दारात लागली. नेमकी तेव्हाच वरच्या खोलीतल्या पाहुण्याने हाक मारली. बाथरूमचा नळ बंद होत नव्हता.

“ताई, तू बस रिक्षात. मी आलेच,” म्हणत वहिनी जिना चढली.

नळाचा वायसर गेला होता. तिने खालचा कॉक बंद केला, फरशी पुसली. शेजारच्या खोलीने टॉवेल मागितला, तो दिला. तिथली चादर मळकी दिसली, तीही बदलली. खाली येते तर दारात ना रिक्षा, ना ताई.

“गेले की,” समोरचा पानवाला म्हणाला. “तुमचा दीर हॉर्न वाजवून दमला. म्हणाला, गेट बंद झालं तर वहिनी मलाच ओरडतील.”

जन्मात पहिल्यांदा त्या माणसाला वेळेचं भान आलं, तेही आजच! वहिनीने फोन लावला, तो उचलेना. दुसरी रिक्षा शोधली, तर तिचा मालक आत घोरत पडलेला.

शेवटी ताईची बॅग घेऊन ती बसथांब्यावर गेली. ताई आली ती खुललेल्या चेहऱ्याने.

“एका मूर्तीचं नाक अगदी आपल्या आत्यासारखं होतं बघ. तू असतीस तर हसून लोळली असतीस.”

वहिनीने बॅग तिच्या हातात दिली.

बस हलली. “पुढच्या वेळी दोघी जाऊ,” ताई खिडकीतून म्हणाली.

वहिनीने मान हलवली. शेजारी दीर शाबासकीची वाट बघत उभा होता. त्याला झापायला तिने तोंड उघडलं, पण ‘आलेच’ म्हणून जिना चढली होती ती स्वतःच. तिला स्वतःचाच इतका राग आला होता की रडूही येईना.