दुसऱ्या बाजूची उलांडी

आमच्या वॉर्डात आम्ही दोघी नर्स. मी पुण्याची, ती फिलिपिन्सच्या पार दक्षिण टोकाची. ती मला 'आते' म्हणते. त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला आते म्हणतात. मी तिच्याहून जेमतेम वर्षभराने मोठी आहे, पण सांगून उपयोग नाही. इथे न्यूझीलंडमध्ये, पोरिरुआत आमची घरं एकाच रस्त्यावर, त्यामुळे ड्यूटी, डबे आणि रडारड सगळं एकत्रच चालतं.

तिचे लोक बांगिंगी. सुलूच्या समुद्रातल्या इवल्याशा बेटांवरचे दर्यावर्दी. एके काळी त्यांच्या लांबलचक गलबतांची त्या अख्ख्या टापूत दहशत होती. किनाऱ्यावरच्या गावांवर धाड घालायची, माणसं पकडून न्यायची. एकदा चहाच्या सुट्टीत कोणीतरी फोनवर वाचून तिला म्हणालं, "म्हणजे तुम्ही पायरेट्स." माझं डोकं तडकलं. माझं सासर मालवणचं. मी फाडकन म्हटलं, "आमच्या कोकणातल्या आरमारालासुद्धा गोऱ्यांनी चाचेच म्हटलं होतं. जरा जपून बोल."

ती आपली शांतपणे बिस्किट बुडवत म्हणाली, "आते, भांडू नकोस. आमचे खरंच माणसं पळवायचे. माझ्या वडिलांचे पणजोबा असेच दुसऱ्या बेटावरून बांधून आणलेले. आणि त्यांचाच मुलगा पुढे त्याच गलबतांवर वल्हं मारायला बसला. आमच्या घरात बांधणारे आणि बांधलेले दोघेही आजोबाच. मी कोणाच्या बाजूने चिडू?"

तिची आई गेली, आणि ती वडिलांना इकडे घेऊन आली. गावात त्यांचं कोणी उरलं नव्हतं. भाऊ कधीच परमुलखात गेलेले, घर रिकामं. इथेच राहा म्हणून ती हातापाया पडत होती. व्हिसाचं पुढे बघता आलं असतं हो, पण माणूसच तयार नव्हता. परतीचं तिकीट मार्चमधल्या एका गुरुवारचं होतं आणि काका जणू त्या गुरुवारची वाट बघतच खिडकीत बसलेले. चांगला काटक, उन्हाने रापलेला माणूस. पण जेवण चिमणीएवढं आणि हसणं तर नाहीच.

मी वरण-भात घेऊन जायचे. काका त्यांच्या भाषेत बोलायचे, ती मला सांगायची. एकदा त्यांनी स्पॅनिश लोकांची गोष्ट सांगितली. आगबोटी घेऊन ते आले, बेटावरच्या गढ्या तोफांनी फोडल्या आणि उरलेल्या बायकापोरांना पार उत्तरेला, तंबाखूच्या मळ्यांत नेऊन टाकलं. समुद्रापासून लांब. "आमची माणसं तिथे झुरली," काका म्हणाले. "काही चालत निघाली, समुद्र सापडेपर्यंत." एवढं मला सांगून ती स्वयंपाकघरात गेली आणि मागोमाग मी गेले तर सिंकपाशी डोळे पुसत होती. "कळलं ना, आते? बाबांच्या हिशेबी मी स्पॅनिश."

मला काकांचा रागच आला. अहो, समोर खिडकीतून समुद्र दिसतोय की. मी तसं बोलून दाखवलं. तिने घाबरत घाबरत भाषांतर केलं. काका म्हणाले, "हे नुसतं बघायचं पाणी आहे."

मग म्हटलं, थांबा, बसवतेच तुम्हाला पाण्यात.

दर शनिवारी सकाळी मी वाका आमाला जाते. सहा जणांची लांब माओरी होडी, आणि तिच्या डाव्या अंगाला दोन दांड्यांनी बांधलेला तरता ओंडका. मालवणच्या होड्यांना असते ना उलांडी, तीच ही. होडी कलंडू नये म्हणून. पहिल्यांदा पाहिली तेव्हा नवऱ्याला म्हटलं, अरे, तुझं गाव इथपर्यंत आलंय, तू मात्र किनाऱ्यावरच बस. मालवणचा असून तो पाण्याला घाबरतो.

त्या शनिवारी आमचा एक गडी आला नाही. मी काकांना घेऊनच गेले होते. आमची कॅप्टन शाळेत शिकवणारी माओरी बाई. तिने काकांकडे, त्यांच्या खांद्यांकडे एकदा पाहिलं, "किया ओरा" म्हणून नमस्कार केला आणि लाइफजॅकेट पुढे केलं. जागा मोजताना ती मोठ्याने म्हणाली, "ताही, रुआ, तोरु." काकांनी मान वर केली. त्यांच्या भाषेतही दोन आणि तीन असेच काहीसे आहेत म्हणे. ते पाचव्या जागेवर बसले, मी त्यांच्या पुढे. मैत्रीण किनाऱ्यावर टॉवेल छातीशी धरून उभी.

काय वल्हं मारलं त्या माणसाने! पाण्याचा आवाजसुद्धा नाही. होडी अशी सुटली की पुढच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. खाडीच्या मध्यावर उजवीकडून एका स्पीडबोटीची लाट आली. आम्हाला शिकवलेलं असतं, काहीही झालं तरी डावीकडे, उलांडीवर भार द्यायचा. काका मात्र लाट आली त्या बाजूला, उजवीकडे, अख्खं अंग झोकून बिनधास्त कलले. त्यांच्या गावच्या होड्यांना दोन्ही बाजूंना उलांड्या असतात. जन्मभर ज्या बाजूला कलले, तिथे होडीने त्यांना सावरलेलं.

इथे उजवीकडे काहीच नव्हतं. आम्ही सहाच्या सहा जण धप्पकन पाण्यात.

गारठ्याने माझा श्वासच अडकला. नाकातोंडात खारं पाणी, किनाऱ्यावर मैत्रिणीची किंकाळी. माझ्या मनात एकच, मेले, हिच्या बापाला मीच बुडवलं. आणि पाहते तर काका उलट्या झालेल्या होडीला धरून, उजव्या बाजूला हात फिरवून, नसलेली उलांडी शोधतायत. ती नाही म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि हसायला लागले. असे हसले की त्यांना दुसरा हात लावावा लागला होडीला. कॅप्टनला काय झालं ते कळलं, तीही हसायला लागली, मग आम्ही सगळेच. होडी सुलटी करायला दुप्पट वेळ लागला, कारण हसताना अंगात जोरच राहत नाही.

किनाऱ्याला आलो तर मैत्रीण गुडघाभर पाण्यात येऊन उभी. आधी मला चार शब्द सुनावले, ते मी ऐकून घेतले. मग तिने वडिलांचा चेहरा नीट पाहिला आणि टॉवेल त्यांच्या अंगावर टाकला. काका टॉवेलमध्ये कुडकुडत, हातवारे करून सगळी हकीकत तिला परत परत सांगत होते, बेट कसं, लाट कशी, तिची आई एकदा अशीच कशी पडली होती. आईचं नाव त्यांनी इथे आल्यापासून प्रथमच घेतलं, असं ती मला नंतर म्हणाली.

पुढचे शनिवारही ते आले. आमच्या आधी येऊन होडीपाशी उभे असायचे. घरी दोनदा भात मागून घ्यायला लागले. पण तिकिटाबद्दल चकार शब्द नाही, आणि तिची विचारायची हिंमत होईना. बॅग कपाटावरून काढून तिने बैठकीत ठेवली होती. ती कोणी भरतही नव्हतं, उचलतही नव्हतं.

मग त्या तिकिटाच्या गुरुवारच्या आधीचा शनिवार आला. त्या दिवशी होडी छान चालली. काका एकदाही उजवीकडे कलले नाहीत. किनाऱ्यावर आम्ही वल्ही धुवत होतो, मैत्रीण थर्मासमधला चहा ओतत होती. मी निरोपाचं काहीतरी बोलावं म्हणून शब्द जुळवत होते. तेवढ्यात काका कॅप्टनपाशी गेले. ते नेहमी मुलीमार्फत बोलायचे. आज स्वतःच, पाठ करून आल्यासारखे, इंग्रजीत म्हणाले, "नेक्स्ट सॅटर्डे. मी, सीट फाइव्ह. ओके?"

कॅप्टनला तिकिटाचं काही माहीत नव्हतं. ती दोरी गुंडाळता गुंडाळता इकडच्या बोलीत 'चालेल की' म्हणाली, "स्वीट अ‍ॅज."

मैत्रीण कप भरून वाहिला तरी चहा ओततच राहिली. मी तिच्या हातातून थर्मास काढून घेतला. ती ओल्या वाळूत मटकन खाली बसली आणि मोठ्याने रडायला लागली, आणि मीही तिच्या शेजारी बसून रडले, आणि काका आम्हा दोघींना विचारत राहिले की आता काय झालं.