बॉनेटवरचे टवके

ऑगस्ट आला की सर्बियातल्या आमच्या झायेचारमध्ये दोनच वास येतात, भाजलेल्या मिरच्यांचा आणि स्रेतेनच्या गॅरेजमधल्या पॉलिशचा. व्हिएन्नाला कामाला गेलेली माणसं याच महिन्यात लग्नं उरकायला घरी येतात, आणि येतात ती चकचकीत गाड्या मिरवत. शनिवारी लग्न, रविवारी झोप, सोमवारी स्रेतेनच्या दारात रांग. कुणाच्या टपावर राकीयाची दारू सांडून डाग पडलेला असतो, कुणाचं दार आरशाला बांधलेल्या टॉवेलाच्या टाचणीनं खरवडलेलं असतं. आणि बॉनेटवर नाण्यांच्या खुणा तर ठरलेल्याच.

कारण आमच्याकडे वऱ्हाड चर्चमधून बाहेर पडलं की कूम मुठी भरभरून नाणी उधळतो. कूम म्हणजे लग्नात जोडप्याच्या पाठीशी उभा राहणारा, पुढे त्यांच्या पोरांना बाप्तिस्म्याला हातात घेणारा. सख्खा भाऊ रुसला तर चालतं, कूम रुसून चालत नाही. पोरं नाण्यांवर झडप घालतात, आणि कूमनं हात आखडला की सगळ्या गावासमोर ओरडतात, "कूम, तुझी थैली जळाली!" हे ऐकून भल्याभल्यांचं डोकं फिरतं. मग नाणी कुठे पडतात हे कोण बघतंय!

स्रेतेननंही बघितलं नव्हतं. वेलिबोर त्याचा शाळेपासूनचा मित्र. व्हिएन्नात विटा वाहून त्यानं नवीकोरी, काळपट लाल रंगाची ओपेल घेतली आणि तिच्यातूनच नवरी आणली. कूम अर्थातच स्रेतेन. पोरांनी थैली जळाल्याची आरोळी ठोकली तसा तो पेटला, आणि मूठभर नाणी त्यानं दगड भिरकावावा तशी भिरकावली. ती खणखणत बॉनेटवर आदळली. सगळे हसले, वेलिबोरही हसला. पण जेवणाच्या वेळी तो गाडीकडे जाऊन आला आणि स्रेतेनच्या कानाशी वाकून म्हणाला, "तुला बघवली नाही ना माझी गाडी?"

कूमनं पानावरून उठायचं नसतं, म्हणून स्रेतेन शेवटपर्यंत बसला. पण त्याच्या घशाखाली घास उतरला नाही. तेव्हापासून दोघांत उरलं ते ईस्टरचं अभिवादन आणि सणावारी हातात हात. वेलिबोरच्या मुलाला, रेल्याला, बाप्तिस्म्याला स्रेतेननंच धरलं, पण बापाकडे न बघता.

दुसऱ्या वर्षी व्हिएन्नाच्या बसवाल्यानं एक जड खोकं स्रेतेनच्या दारात आणून टाकलं. आत पॉलिशचं मशीन, सोबत दोन पॅड. चिठ्ठी नाही की निरोप नाही. स्रेतेनच्या अंगाची लाही लाही झाली.

"बघितलंस?" तो बायकोला म्हणाला. "केलंस ते पुसायला शीक, असं सांगतोय."

"मग शीक," ल्युबिंका म्हणाली. तिचं तोंड नेहमीच असं, सुरीसारखं. "तुझ्या त्या कारखान्यात खोकण्यापेक्षा बरं."

तो शिकला, आणि शिकला तो निव्वळ रागानं. आधी स्वतःच्या जुन्या झास्तावा गाडीच्या दाराची कड त्यानं पत्र्यापर्यंत जाळली. तेव्हा त्याला कळलं की गाडीचा रंग म्हणजे कांद्याच्या पापुद्र्याइतकीच पातळ गोष्ट, आणि पॉलिश म्हणजे त्यातलाही थोडा खरवडून घेणं. मशीन दाबायचं नाही, नुसतं धरायचं. मधूनमधून तळवा टेकवून पत्रा तापला का ते बघायचं. पुढे कारखाना बंद पडला, बरोबरीची माणसं घरी बसली, पण स्रेतेनच्या गॅरेजात गाड्या येत राहिल्या. त्याच मशीनच्या कमाईवर त्याची दोन पोरं शिकली, घरावर वरचा मजला चढला. हे मात्र त्याला कुणी म्हणून दाखवलेलं आवडायचं नाही.

अख्ख्या गावाच्या गाड्यांवरचे टवके त्यानं मिटवले. एकाच गाडीचे राहिले. दर ऑगस्टला तो निरोप धाडायचा, "ओपेल आण, फुकट करून देतो." उलट निरोप यायचा, "राहू दे." त्या काळपट लाल रंगाची एक बाटली त्यानं मुद्दाम जुळवून फळीवर ठेवली होती. दर दोन-तीन वर्षांनी ती सुकायची आणि तो नवी आणायचा. वेलिबोरच्या घरी कुलदैवताच्या सणाला जावं तर शेडमध्ये ती ओपेल उभी, बॉनेट नेमकं फाटकाकडे.

"माझी अब्रू टांगून ठेवलीय बॉनेटवर," तो घरी येऊन म्हणायचा.

"एवढी इवलीशी अब्रू तुझी?" ल्युबिंका म्हणायची.

मग वेलिबोर गेला. पेन्शन घेऊन घरी परतला होता, दोन हिवाळे अंगणात काढले आणि गेला. शवपेटीपुढे क्रॉस धरून कूमच चालला. बोलायचं राहिलं ते राहिलंच, आणि स्रेतेन त्या दिवशी रडला तो मित्रासाठी की त्या राहिलेल्या बोलण्यासाठी, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

त्याला वर्ष झालं, आणि ऑगस्टमध्ये रेल्यानं लग्न काढलं. एका सकाळी तो स्वतः ओपेल चालवत गॅरेजात आला. अंगानं बापासारखा आडवा, हसणं आईचं.

"कूम, माझ्या नवरीला, दुन्याला, यातूनच आणायची आहे. बाबांची इच्छा होती. अगदी नव्यासारखी करा."

"नव्यासारखी?"

"एक ओरखडा दिसता कामा नये. आणि हो, शनिवारी नाणी जरा हळू फेका हं. तुमची ख्याती ऐकून आहे मी!"

पोरानं थट्टेत म्हटलं, स्रेतेनच्या ते जिव्हारी लागलं. पण त्याचबरोबर आत काहीतरी सैलही झालं. छत्तीस वर्षं ज्याची वाट बघितली ते आपल्या पायांनी दारात आलं होतं. आता नाही म्हणायला वेलिबोर नव्हता. शनिवारी चर्चसमोर ती गाडी उभी राहील, आणि कूमच्या हातून झालेली चूक कुणाला दिसणार नाही.

त्यानं गाडी धुतली, काचांच्या कडांना कागदी टेप लावली, दार ओढून घेतलं आणि भर दुपारी हातदिवा पेटवला. दिवा तिरका धरला की रंग खोटं बोलत नाही. टपावर, दारांवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे होते, फडक्यांनी पुसून पुसून आलेले. ते मशीनखाली भराभर गेले. पॅड लाल होत गेलं, तसं तो काढून ब्रशनं साफ करत गेला. संध्याकाळपर्यंत दारांत त्याचं स्वतःचं पांढरं डोकं दिसायला लागलं.

बॉनेट त्यानं दुसऱ्या दिवसासाठी ठेवलं होतं. गोड घास शेवटी ठेवावा तसं.

सकाळी त्यानं फळीवरची रंगाची बाटली काढली, बारीक कुंचला घेतला आणि पहिल्या टवक्यावर स्पिरिटचा बोळा फिरवला. बोळा चिकटला. त्यानं भुवया आक्रसल्या. दिवा जवळ आणला. टवका खोल होता, थेट पत्र्यापर्यंत गेलेला, आणि आतला पत्रा चांदीसारखा लखलखत होता.

हे होणं शक्यच नव्हतं. उघड्या पत्र्याला एका हिवाळ्यात गंज चढतो. दोन हिवाळ्यांत फोड येतो. इतक्या वर्षांत तर इथे बोट जाईल एवढं भोक पडायला हवं होतं. त्यानं दात कोरायच्या काडीनं हलकेच टोकरलं. एक पातळ, बिनरंगी पापुद्रा सुटून आला. त्याखाली दुसरा, त्याखाली आणखी एक. त्यानं पुढचा टवका बघितला, मग त्याच्या पुढचा. एकही सुटलेला नव्हता. कुणीतरी बसून प्रत्येक टवक्यावर थेंब थेंब सोडला होता, तोही रंगाचा नव्हे, टवका झाकला जाईल असा नव्हे. तो तसाच दिसत राहावा आणि कधी कुजू नये, एवढ्यासाठीच.

ज्याचा राग धरायचा त्याची इतकी निगा कोण राखतं? स्रेतेन उपड्या बादलीवर बसला. मग उठला, हात पुसले आणि तसाच, ऍप्रनसकट, वेलिबोरच्या घरी गेला.

वेलिबोरची बायको कोसारा अंगणात मिरच्या भाजत होती. त्यानं त्या पापुद्र्याचा तुकडा तिच्यासमोर तळहातावर धरला.

"हे काय आहे?"

तिनं चष्मा पुसून बघितलं. "माझं नेलपॉलिश. दुसरं काय!"

"टवक्यांत?"

"दरवर्षी लग्नाच्या वाढदिवशी माझी बाटली घेऊन शेडमध्ये जाऊन बसायचा. म्हटलं, अरे त्याच रंगाचा रंग लाव, कळणारसुद्धा नाही. तर म्हणे, कळलं पाहिजे. माझ्या कूमनं माझ्यासाठी जितक्या जोरात नाणी फेकली, तितक्या जोरात या गावात कुणी कुणासाठी फेकली नाहीत."

"मग मला का नाही बोलला?" स्रेतेनचा आवाज चढला. "एकदा तरी! छत्तीस वर्षं मी..."

"तो दगड आणि तू धोंडा. त्या दिवशी जे बोलून गेला ना, त्याची त्याला आयुष्यभर लाज वाटली. माफ कर म्हणायला जीभ उचलेना, म्हणून ते मशीनचं धूड पाठवलं बसमधून. त्याचे पैसे जमवायला सिगारेट सोडली होती त्यानं. म्हणायचा, स्रेतेन त्या कारखान्यात छाती जाळतोय, त्याचं स्वतःचं काहीतरी होऊ दे."

ज्या मशीनवर घर उभं राहिलं, ते मशीन रोज सकाळी हातात घेताना स्रेतेननं वेलिबोरला मनातल्या मनात एक शिवी हासडली होती. रोज. कोसारानं एक गरम मिरची सोलून, मीठ लावून, पावासोबत त्याच्या हातात दिली. त्यानं ती खाल्ली, आणि डोळ्यांतलं पाणी धुरामुळे आहे असं दोघंही धरून चालली.

परत येऊन त्यानं रंगाची बाटली फळीवर ठेवली. टोकरलेले टवके ल्युबिंकाच्या नेलपॉलिशनं पुन्हा भरले, आणि ते सुकल्यावर एकेकावर टेपचा चिमुकला तुकडा चिकटवला. मग उरलेल्या बॉनेटवर मशीन फिरवलं, इतक्या हलक्या हातानं की जणू खाली कुणी झोपलं आहे. हे काम त्यानं आयुष्यात कधी केलं नव्हतं. डाग घालवणं त्याला येत होतं, डाग सांभाळून भोवताली चमक आणणं तो आज शिकत होता.

गाडी न्यायला आलेला रेल्या आधी हरखला, मग बॉनेटवर वाकला. "कूम, हे राहिलंय."

"राहिलेलं नाही. ठेवलंय."

"पण का?"

"तुझ्या आईला विचार. आणि यावर मशीन चालवलंस तर याद राख."

शनिवारी चर्चसमोर ओपेल उभी होती, आरशांना पांढरे टॉवेल, आणि बॉनेटमध्ये चर्चचा घुमट उलटा दिसत होता. रेल्या आणि दुन्या पायऱ्यांवर आले. स्रेतेनच्या खिशात नाणी होती. वेलिबोरच्या लग्नानंतर त्यानं कुठल्याच लग्नात नाणी उधळली नव्हती. तो ती पोरांच्या हातात ठेवायचा, एकेक करून, प्रसादासारखी. आजही तो वाकला.

"कूम, तुझी थैली जळाली!" पोरं ओरडली. त्याची मूठ छातीपर्यंत आली आणि तिथेच थांबली. समोर बॉनेट लखलखत होतं.

"स्रेतेन!" कोसाराचा आवाज सगळ्या पोरांच्या वर चढला. "माझ्या पोराच्या लग्नात हात आखडतोस?"

मग त्यानं फेकली. उजवा हात पार खांद्यामागे नेऊन, पंचविशीत फेकली होती तशी. नाणी उन्हात चमकली, पोरांच्या डोक्यांवर पडली, पायऱ्यांवर उडाली आणि त्यांतली काही खणखणत बॉनेटवर आदळली. रेल्यानं कपाळावर हात मारला. दुन्या खो खो हसत सुटली. तिच्याकडे बघून मग तोही हसला.

जेवणाच्या वेळी कोसारा उठून स्रेतेनपाशी आली. पर्समधून नेलपॉलिशची एक छोटी बाटली काढून तिनं त्याच्या ताटाशेजारी ठेवली.

"वर्षातून एकदा," ती म्हणाली. "आता हे काम तुझं."

स्रेतेननं बाटली कोटाच्या आतल्या खिशात ठेवली, ताट पुढे ओढलं, आणि छत्तीस वर्षांनी त्या घरच्या लग्नात पोटभर जेवला.