थोरली, धाकटी आणि सादोंबाचं सोंग

रानरेडे मारायच्या बंदुका सांभाळणारा माणूस स्वतः रानरेड्याच्या कुळाचा निघावा, हा विनोद फिरिपीने गेली वीस वर्षं शिळा होऊ दिलेला नाही. कादुंगुरेचं कुळ न्याती, म्हणजे रानरेडाच. कुळाचं जनावर खायचं नसतं, म्हणून ते मांस त्याच्या ओठाला कधी लागलेलं नाही. झांबेझीकाठच्या त्या शिकारतळावर रेडा पडला की बाकीचे सादझाच्या, म्हणजे शिजवलेल्या मक्याच्या पिठाच्या, गोळ्याबरोबर रस्सा ओरपतात, आणि हा वाळवलेल्या पालेभाजीवर भागवतो.

"काय न्याती," कातडी सोलणारा फिरिपी सुरीला धार लावता लावता विचारतो, "आज कुठल्या चुलत्याला मारायला बंदूक दिलीस?"

"तुझ्या पोटाला विचार. चुलता तिथंच गेलाय."

बंदुकांच्या खोलीत बंदुका बऱ्याच, पण रेड्यासाठी खऱ्या दोनच. एक तीनशे पंचाहत्तरच्या मापाची, तिला सगळे धाकटी म्हणतात. दुसरी चारशे अठ्ठावन्नची, ती थोरली. तिची गोळी अंगठ्याएवढी जाड आणि खांद्याला बसणारी लाथ गाढवाची. पाहुणा शिकारी दारातून आत आला की कादुंगुरे आधी त्याचा खांदा बघतो, मग मान, शेवटी डोळे. ज्यांचं तोंड मोठं, ते थोरली मागतात. हा देतो. दुसऱ्या दिवशी ते खांदा चोळत येतात आणि धाकटी आहे का म्हणून हळूच विचारतात. हा तीही देतो, न हसता. बंदूक माणसाच्या मापाची असावी, हे त्याच्याइतकं त्या खोऱ्यात कुणाला कळत नाही, आणि मालकही त्याच्या शब्दाबाहेर जात नाही.

पण एवढा जाणता माणूस धाकटीचा बोल्ट, म्हणजे गोळी आत लोटणारा खटका, स्वतः कधी बंद करत नाही. तेल घालतो, नळी पुसतो, आणि बोल्ट उघडा ठेवून ती फिरिपीच्या हातात देतो. कारण तो बोल्ट खट्ट करून बसला की कादुंगुरेच्या कानात एक बार होतो. मग तो दुसऱ्या बाराची वाट बघत उभा राहतो. दुसरा बार होत नाही. भर दुपारी, पत्रा तापलेला असताना, त्या बंद खोलीत तपकिरीचा वास येतो. तळावर तपकीर ओढणारा एकच माणूस होता, सादोंबा. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली.

सादोंबा कादुंगुरेचा साव्हिरा होता. साव्हिरा म्हणजे नुसता मित्र नव्हे. हे नातं दोन घराण्यांत चालत येतं, बापाकडून पोरांकडे. साव्हिऱ्याने जिवंतपणी वाटेल ती थट्टा करावी, समोरच्याने राग धरू नये. आणि मेल्यावर साव्हिऱ्यानेच मेलेल्याचे कपडे अंगात घालून, त्याच्यासारखं चालून, त्याच्यासारखं बोलून त्याचं सोंग आणायचं. तो कसा जगला आणि कसा मेला ते करून दाखवायचं. लोकांनी रडता रडता हसलं पाहिजे, तरच मेलेला सुखानं जातो. आणि साव्हिऱ्याने दाखवलं ते खरं. त्याला कुणी शंका विचारत नाही.

सादोंबाला रेड्याने मारलं. पाहुण्याने जखमी करून सोडलेला रेडा होता. मालक झाडीच्या एका अंगाने गेला, सादोंबा आणि कादुंगुरे दुसऱ्या अंगाने. सादोंबाच्या हातात धाकटी होती. रेडा आला तो त्यांच्याच अंगावर. मालकाने नुसते बार ऐकले, आणि तो पोचला तेव्हा सगळं संपलं होतं.

दफनाच्या दिवशी कादुंगुरेने सादोंबाचा हिरवा कोट चढवला. गुडघे वाकवून त्याची ती ऐटबाज चाल चालला, चिमटीत तपकीर धरून शिंकला. मग ज्वारीचं एक वाळकं ताट उचललं आणि खांद्याला लावलं. "ही माझी बंदूक!" सादोंबाच्या घोगऱ्या आवाजात तो ओरडला. "हिनं मी रेड्याची माशी मारतो! अहो रेडेराव, जरा थांबा, चावली का माशी?" ताट मोडलं, तो आडवा पडला, आणि सगळं गाव हसलं. सादोंबाची विधवासुद्धा तोंडावर हात धरून हसली. त्या दिवसापासून खोऱ्यात पक्कं झालं: सादोंबाला बारक्या बंदुकीने मारलं.

कोट रिवाजाप्रमाणे कादुंगुरेला मिळाला. तो त्याने पत्र्याच्या पेटीत घातला आणि पुन्हा बाहेर काढला नाही.

यंदा सादोंबाची मुलगी तळावर आली. रुरामाई चोवीस वर्षांची, बापासारखीच बारकी आणि ताठ. शिकाऱ्याच्या परवान्याची लेखी परीक्षा तिने पहिल्याच फटक्यात काढली होती. आता मालकाच्या हाताखाली दोन हंगाम काढले की परवाना. नदीकाठच्या मळ्यांत एक लंगडा रेडा शिरत होता, एका बाईची मांडी त्याने फोडली होती. त्याला मारायची परवानगी आली आणि मालक म्हणाला, "उद्या सकाळी रुरामाई पुढे राहील. बंदूक तिनं निवडायची. लाथ तिच्या खांद्याला बसणार आहे."

तिने खोलीत पाऊल टाकलं आणि थेट थोरलीवर हात ठेवला.

"सेकुरू, ही." वडीलधाऱ्या माणसाला तिकडे सेकुरू म्हणतात.

कादुंगुरेने सवयीने तिचा खांदा पाहिला, मान पाहिली. डोळे पाहायचं टाळलं.

"आधी मैदानात चल," तो म्हणाला.

मैदानात तिने तीन गोळ्या झाडल्या. तिन्ही पुठ्ठ्यावरच्या रेड्याच्या पायाखाली, मातीत. फिरिपी झाडाखाली बसून म्हणाला, "वा! रेड्याच्या नालाचा नेम! आता तो अनवाणी पळेल." तिने तिकडे लक्ष दिलं नाही. कादुंगुरेने बंदूक मागून घेतली, पाठ फिरवली, आणि आत दारू नसलेलं काडतूस घातलं. दचकणारा ओळखायची ही या धंद्यातली जुनी युक्ती.

"मार आता."

तिने चाप ओढला. नुसतं टक वाजलं. बार झाला नाही, लाथ बसली नाही, तरी नळीचं तोंड हातभर खाली गेलं आणि तिचे डोळे गच्च मिटले. ती तशीच उभी राहिली, न आलेल्या लाथेची वाट बघत.

 ते मिटलेले डोळे कादुंगुरेच्या ओळखीचे होते.

"धाकटी घे," तो म्हणाला. "तिच्यावर तुझा हात बसेल. मूर्ती लहान, पण काम चोख करते."

रुरामाईने कानातले बोळे काढले. "काय म्हणालात?"

"धाकटी घे म्हणालो."

"जिनं माझ्या बाबांना मारलं ती?" तिचा आवाज चढला नाही, उलट बसला. "सेकुरू, मी पंधरा वर्षांची होते. तुम्ही ज्वारीचं ताट खांद्याला लावलंत आणि मी हसले. सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. त्या रात्रीपासून मला ते ताट दिसतं. थोरलीनं माझा खांदा निखळला तरी चालेल. मी ते ताट घेऊन रेड्यासमोर जाणार नाही."

"पोरगी बरोबर बोलतेय," फिरिपी म्हणाला. "तूच दाखवलंस ना, न्याती."

उद्या सकाळी ही पोर डोळे मिटून रेड्यासमोर उभी राहणार, हे कादुंगुरेला लख्ख दिसलं.  तो वळला आणि आपल्या झोपडीकडे चालू लागला. फिरिपीला वाटलं, म्हातारा रुसला.

तो परत आला तेव्हा अंगात हिरवा कोट होता. कोटाला नऊ वर्षांच्या घड्या पडल्या होत्या. हातात तपकिरीची डबी होती.

"हे काय रे?" फिरिपी उठून उभा राहिला. "कुणी मेलंय का?"

"सोंग अर्धं राहिलं होतं," कादुंगुरे म्हणाला.

त्याने गुडघे वाकवले आणि सादोंबा चालू लागला. तीच ऐट, मानेला तोच हिसका. रुरामाईचा हात तोंडावर गेला. त्याने धाकटी उचलली, आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा तिचा बोल्ट स्वतःच्या हाताने बंद केला. खट्ट.

"रेडा वीस पावलांवर," सादोंबाच्या घोगऱ्या आवाजात तो म्हणाला. "मी हलत नाही. मी घाबरत नाही. मी छातीवर नेम धरतो." त्याने रिकाम्या बंदुकीचा चाप ओढला. "लागली! पण रेड्याचं काळीज फुटलं तरी पायांना ते कळायला वेळ लागतो. तेवढा वेळ मला कोण देणार? माझा साव्हिरा देणार. तो माझ्या उजव्या हाताला आहे. त्याच्याकडे थोरली आहे. मार, न्याती! मार!"

मग तो एक पाऊल उजवीकडे सरकला. कोट काढून जमिनीवर ठेवला, थोरली उचलून खांद्याला लावली. आता तो कादुंगुरे होता, आणि त्याला आवाज बदलावा लागला नाही.

"या थोरलीनं आदल्या महिन्यात माझी भुवई फोडली होती. पाच टाके पडले. मला तिची भीती वाटायची, आणि मी कुणाला सांगितलं नाही. बंदुकांचा जाणता मी, माझ्या मापाची बंदूक मीच घेतली नाही. लोक काय म्हणतील!" त्याने डोळे गच्च मिटले आणि चाप ओढला. नळीने माती हुंगली. "माझी गोळी जमिनीत गेली. तो बार मला ऐकूसुद्धा आला नाही. मी डोळे उघडले तेव्हा रेडा तुझ्या बाबांवर होता. दहा पावलं फरफटत नेलं आणि मग तो पडला. तुझ्या बाबांच्याच गोळीनं पडला."

त्याने डबी उघडली. आत तपकीर नव्हती. तांब्याची एक चेमटलेली गोळी होती, फुलासारखी उमललेली.

"तो रेडा सोलताना मीच गुपचूप काळजातून काढली. धाकटीची आहे. बंदूक बारकी नव्हती, पोरी. मी ताट उचललं कारण मला दाखवायला दुसरं काही सुचलं नाही. नाही, खोटं. सुचलं होतं."

कुणी हसलं नाही. फिरिपीने सुरी खाली ठेवली होती आणि ती उचलायचं त्याला भान नव्हतं.

रुरामाईने गोळी तळहातावर घेतली.  ती खिशात टाकली, धाकटी उचलली, तीन काडतुसं भरली. तिन्ही गोळ्या पुठ्ठ्याच्या छातीत लागल्या, ओंजळभर जागेत. ती रडत होती, पण डोळे उघडे होते.

मग ती कादुंगुरेसमोर आली. तो मान खाली घालून उभा होता, शिवी आली तर बरं असं वाटत.

"सेकुरू, साव्हिऱ्याचं नातं बापाकडून पोरांकडे येतं ना?"

"येतं."

"म्हणजे तुम्ही मेलात की तुमचं सोंग मी करायचं."

"हो," तो म्हणाला. "तुझाच मान तो."

"मी हेच करीन. डोळे मिटलेले. आणि ते ताटसुद्धा. सगळ्या गावासमोर." तिने हात वर केला आणि त्याच्या डोक्यावरची वीस वर्षांची चामड्याची टोपी काढून घेतली. "ही आत्ताच राहू द्या माझ्याकडे. ऐनवेळी मिळायची नाही."

"चांगलं कर," कादुंगुरे म्हणाला. "काही वगळू नकोस."

दुसऱ्या दिवशी नदीकडून एक बार ऐकू आला. कादुंगुरे खोलीच्या दारात खांबाला धरून उभा राहिला. मग दुसरा बार झाला, मालकाच्या हातातल्या थोरलीचा. तो मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. दुपारी रुरामाई रेडा घेऊन सुखरूप परतली, आणि फिरिपीने त्या दिवशी कुठल्याच चुलत्याची चौकशी केली नाही.

मालकाने पुढे त्याला नवी टोपी देऊ केली, ती त्याने घेतली नाही. खोऱ्याच्या त्या उन्हात कादुंगुरे अजून उघड्या डोक्यानेच हिंडतो.