पायाचा पन्हा

कापड घ्यायला गेलं की दुकानदार आधी पन्हा सांगतो. लांबी किती हवी ते आपण सांगायचं, कापडाची रुंदी मात्र ठरलेली असते. मी जुन्या जालन्यात बायकांचे ब्लाऊज आणि ड्रेस शिवते, त्यामुळं माझ्या डोक्यात लांबी-रुंदी कायम जोडीनंच येते. नुसत्या उंचीवरून मी कुणाला ब्लाऊज शिवून दिला, तर ती बाई तो माझ्या तोंडावर फेकेल आणि योग्यच करेल. बुटाच्या दुकानात मात्र हे खुशाल चालतं. नंबर म्हणजे लांबी. रुंदीचं कुणी विचारतच नाही. या एका गोष्टीवरून मी जालन्यातल्या निदान निम्म्या बूटवाल्यांशी भांडले आहे, आणि ते सगळं अण्णांच्या पायांसाठी.

अण्णा म्हणजे माझे वडील. बदनापूरला त्यांची पिठाची गिरणी होती. दळण म्हणजे अन्न, तिथं पायताण घालून कसं उभं राहायचं, म्हणून ते गिरणीत जन्मभर अनवाणीच वावरले. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत फरशीवर उभं राहून त्यांचे पंजे चांगलेच पसरले होते. आई त्यांना सरळ फताडे पाय म्हणायची. "तुझ्या बापाच्या पायाला लांबी कमी अन् पसारा जास्ती," असं म्हणून ती माझ्या पायांकडं बघायची आणि उसासा टाकायची, कारण तेच पाय माझ्या वाट्याला आले. आईचे निमुळते, देखणे पाय माझ्या थोरल्या भावाला मिळाले. त्याला त्याचा काही उपयोग नव्हता.

लांबीनं अण्णांचा पाय आठ नंबरचा. पण आठच्या बुटात त्यांचा पंजा शिरायचाच नाही, म्हणून ते दहाचा घ्यायचे. मग पुढं चिंध्यांचे बोळे कोंबायचे. तरी टाच उचलली की बूट जमिनीवरच राहायचा. माझ्या लग्नात भावानं हट्टानं त्यांना सफारी शिवली आणि काळे बूट आणले. वरात दारात येईपर्यंत त्यांनी कळ काढली. मग मांडवाच्या मागं जाऊन बूट काढून ठेवले आणि सगळ्या पाहुण्यांना अनवाणी सामोरे गेले. माझ्या सासरी त्याचं कोण कौतुक! मुलीचा बाप असावा तर असा, किती नम्र माणूस, असं सासूबाई अजूनही चारचौघांत सांगतात. मीही कधी त्यांना खरं काय ते सांगितलं नाही.

अण्णांचे पाय अवघड होतेच, पण त्यांचा स्वभाव त्याहून अवघड होता. माणूस भिडस्त. दुकानातल्या पोरानं दोन-तीन खोकी उघडली की यांना अवघडल्यासारखं व्हायचं. चौथं खोकं उघडायच्या आत म्हणायचे, "बराबर हाय. बसला." मी खाली वाकून बुटाची कड दाबून बघायची. आत करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली असायची.

"कुठं बसला? बोटं बघा त्यांची," मी दुकानदाराला म्हणायचे.

"ताई, चामडं आहे. दोन दिवस घालू द्या, आपोआप सैल होतं."

"मग तुम्हीच दोन दिवस घाला अन् सैल करून द्या. आम्ही नंतर येतो."

एवढ्यात अण्णा रस्त्यावर जाऊन उभे राहिलेले असायचे. घरी येताना ते मला समजावायचे. "लोकाच्या दुकानात असं बोलू न्हाई बाई. पायच माझा बेढब, त्याला तो काय करीन?" मला खरा राग या वाक्याचा यायचा. बूट चुकीचा असू शकतो, हे त्या माणसाच्या मनात सत्तरीपर्यंत आलंच नव्हतं. आपलेच पाय चुकलेत असं धरून ते चालत होते.

पुढं त्यांना साखर निघाली. डॉक्टरांनी बजावलं की अनवाणी चालणं बिलकुल बंद, पायाला जखम होता कामा नये, बंद बूट घालायचे आणि रोज फिरायला जायचं. गिरणी तोवर भावानं चालवायला घेतली होती. दहाच्या बुटात अण्णा दोनदा ठेचकाळले. आठच्या बुटानं करंगळीला फोड आला आणि तो महिनोन् महिने भरेना. मग त्यांनी काय केलं, तर फिरणंच सोडलं. विचारलं की म्हणायचे, आज ऊन लई हाय. दुसऱ्या दिवशी वारं असायचं. रोज संध्याकाळी स्टेशनावर जाऊन बाकड्यावर दोस्तांबरोबर बसणारा माणूस गिरणीच्या दाराशी खाट टाकून बसायला लागला. दोस्त पहिल्यांदा भेटायला आले, हळूहळू तेही यायचे कमी झाले. त्यांना चालायला लावायचं तर आधी त्यांच्या पायाचा बूट शोधला पाहिजे, हे माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

एकदा मोबाईलवर शोधता शोधता मला कळलं की बुटालाही पन्हा असतो. एकाच नंबरात अरुंद, साधा, रुंद, जास्त रुंद असे प्रकार निघतात. आनंद व्हायच्या आधी मला संताप आला. म्हणजे ही वस्तू जगात होती, आणि आमचा माणूस जन्मभर चिंध्या कोंबत बसला.

त्याच आठवड्यात मी बदनापूरला गेले. पायाचं माप संध्याकाळी आणि उभं राहून घ्यावं असं वाचलं होतं, कारण दिवसभरात पाय फुगतो आणि अंगाचा भार पडला की पसरतो. अंगणात वर्तमानपत्र अंथरलं, अण्णांना त्यावर उभं केलं. ते माझ्या खांद्याला धरून उभे होते आणि मी पेन्सिल फिरवत होते. त्यांना गुदगुल्या व्हायला लागल्या. पंज्याभोवती टेप गुंडाळली तेव्हा तर ते लहान मुलासारखे हसत सुटले.

"असा बूट असतो का पण?" हसू आवरल्यावर त्यांनी विचारलं. "माझ्या पायाचा?"

"असतो."

ते वाकून त्या कागदावरची आकृती बघायला लागले. "म्हंजे माझ्यासारखे अजून हायेत," ते म्हणाले.

तो कागद घेऊन मी मस्तगडला एका दुकानात गेले. दुकानदार वयस्कर होता. त्यानं कागद नीट पाहिला, सैल होईल वगैरे काही बोलला नाही. असा माल ठेवत नाही, पण मागवून देतो, वेळ लागेल, म्हणाला. मी हो म्हटलं. त्यानंतर प्रत्येक फोनवर अण्णा विचारायचे, "आले का गं माझे बूट?" ज्या माणसानं कधी जेवताना मीठसुद्धा मागून घेतलं नाही, तो माझ्याकडं बूट मागत होता. मला ते ऐकून इतकं बरं वाटायचं की मीही रोज उद्या येतील, परवा येतील असं सांगत राहिले.

थंडी सुरू झाली आणि त्यांच्या छातीनं दगा दिला. इतक्या वर्षांचं पीठ होतं आत. जालन्याला दवाखान्यात ठेवलं, पण ते घरी आले नाहीत. शेवटच्या दिवशी त्यांचे पाय चादरीतून बाहेर आले होते. मी ते झाकले. त्या दिवसाचं मला एवढंच सांगता येतं.

आमच्याकडं तेराव्याला गेलेल्या माणसाच्या नावानं छत्री, काठी आणि पायताण दान देतात. त्या वाटेवर ऊन असतं, काटे असतात, तापलेली वाळू असते म्हणे. दान भाच्याला द्यायचं, कारण एक भाचा शंभर ब्राह्मणांच्या बरोबरीचा. त्यानं ते तिथंच पायात घालून चार पावलं चालायचं. माझा आतेभाऊ, म्हणजे अण्णांचा सख्खा भाचा, जालन्यात ऑटो चालवतो. भावानं मला सांगितलं, "येताना चप्पल घेऊन ये. त्याचा पाय सातचा हाय."

"अण्णांच्या मापाची का नको?"

"घालणार कोण ती? घेणाराच्या पायात बसली तरच पोचती. नुसती पडून राह्यली तर अण्णाला काय उपयोग?"

रीतीला धरून तो बरोबरच बोलत होता. मी स्वतः हे सगळं मानते की नाही, ते मला आजही सांगता येत नाही. पण समजा खरं निघालं तर? तर अण्णा त्या वाटेवरही दुसऱ्याच्या मापाच्या चपलेत निघणार, आणि कुणी विचारलं तर म्हणणार, बराबर हाय.

मी मस्तगडला गेले. मला बघताच दुकानदारानं वरून खोकं काढलं. "तुमचा माल कालच आला. बाबांना घेऊन या, पण संध्याकाळी आणा, म्हणजे पाय बरोबर कळेल."

मी माझी चप्पल काढली, बाकड्यावर बसले आणि त्यातल्या बुटात पाय घातला.

"ताई, जेंट्सचा आहे तो."

"माहितेय."

नाडी बांधली, उभी राहिले. करंगळी सरळ पडली. टाच मागं धरलेली होती. कुठंच काही टोचत नव्हतं. इतकी वर्षं या पायांनी चालतेय, पण असा बूट माझ्या पायात कधी आला नव्हता, आणि त्यांच्याही आला नव्हता. म्हणजे हे असं असतं तर. मी तिथंच उभ्या उभ्या रडायला लागले आणि मग दुकानदारांना अण्णा गेल्याचं सांगितलं. त्यांनी स्टूल पुढं केलं आणि पाणी आणून दिलं.

ते खोकं बघून बदनापूरला घरी भाऊ भडकला. दानात असले बूट कोण देतं, भाच्याच्या पायातून गळून पडतील, तुझं नेहमीचंच आहे. मीही तोंड मिटून ऐकणारी नाही. पाहुण्यांसमोर आम्ही दोघं त्या खोक्यावरून भांडत होतो, आणि आई भिंतीला टेकून बसली होती. अण्णा गेल्यापासून ती एक अक्षर बोलली नव्हती.

आतेभाऊ दारात उभा राहून ऐकत होता. तो आत आला. "दादा, मामाच्या मापाचेच असू दे."

"तुला ढिले व्हतील."

"व्हऊ दे. मामाला जायचंय त्यात, मला कुठं जायचंय?"

भावानं खोकं उघडलं. त्यानं पाट मांडला, भाच्याचे पाय धुतले, पुसले, आणि बूट स्वतःच्या हातानं त्याच्या पायात चढवले. एका पायाची नाडी त्यानं बांधली, एका पायाची मी. एका हातात काठी आणि एका हातात उघडी छत्री घेऊन आतेभाऊ उठला. बूट गळू नयेत म्हणून बोटं आवळून तो अंगणातून फाटकापर्यंत हळूहळू गेला आणि परत आला. सगळे उभे होते.

तो ओट्याशी आला तेव्हा आईनं मान वर केली. त्याच्या पायांकडं बघत तिनं विचारलं, "चावले का रं?"

त्यानं छत्री खाली घेतली. "न्हाई मामी. बिलकुल न्हाई चावले."

"मंग सावकाश जा म्हणावं त्यान्ला," आई म्हणाली आणि तिनं पदरात तोंड घातलं.