न धुतलेली ओढणी

दर सोमवारी पनवेल स्टँडवरून सुटणाऱ्या आपट्याच्या एसटीत ती माझ्या शेजारी असायची. मांडीवर दोनेक वर्षांची लेक. नवरा कंटेनरच्या गाडीवर ड्रायव्हर. कंपनीनं हिची ड्युटी न विचारताच रात्रीची केली, म्हणून लेक आठवडाभर आपट्याला आजीकडे. सोबतच्या पिशवीत हिची अंगावर वापरलेली ओढणी.

"धुतलेली चालत नाय तिला. झोपताना माझा वास लागतो," ती कौतुकानं सांगायची.

परवा शनिवारी त्या दोघी परतीच्या गाडीत भेटल्या. लेक रडत होती. हिनं ओढणी पुढे केली, तर तिनं ढकलून दिली. मग हिनं पिशवीतून आजीच्या लुगड्याचा तुकडा काढला. तो गालाशी धरून पोर लगेच झोपली.

ओढणीची घडी करत ती म्हणाली, "आता आपल्याच घरी नेताना आजीचा वास न्यावा लागतो."