तोडणाऱ्याचा हात

नवऱ्याला हे ठाऊक नाही. मुलीला नाही. सासूबाईंबरोबर तेवीस वर्षं एका स्वयंपाकघरात काढली, आणि त्यांचे कान असे, की दोन खोल्या पलीकडं दूध उतू जायच्या आत त्यांना कळायचं — पण हे त्यांनाही कळलं नाही. तुम्हाला सांगते आहे. तुम्हालाच का, ते मलाही नीट उमगलेलं नाही. कदाचित तुमचा चेहरा मला दिसत नाही म्हणून.

आम्ही अकोल्यात राहतो, जठारपेठेत. गच्चीवर माझ्या कुंड्या आहेत — अडुळसा, गवती चहा, तुळस, कोरफड, ओवा. कठड्यावरून गुळवेल खाली लोंबते. निरगुडी कुंडीत रमत नाही, म्हणून ती फाटकाजवळ जमिनीत. सकाळी पाणी घालताना ओल्या पाल्याचा वास उठतो आणि थोडा वेळ मला काही सुचत नाही. झारी हातात तशीच. आपण गच्चीवर आहोत की भातकुलीच्या वाडीत, त्रेपन्न वर्षांच्या की नऊ — सांगता येऊ नये असं होतं. मग खालून कुणीतरी हाक मारतं.

आमच्या भागात मला ओळखतात ते या कुंड्यांमुळं. घसा बसला, पोट फुगलं, गुडघा धरला, की बायका फाटक वाजवतात. महिन्यातून एका शनिवारी दुपारी आमच्या बैठकीत पंधरा-वीस जणी जमतात. मी शेगडीवर काढा उकळून दाखवते. किती पानं, किती पाणी, कशावर काय द्यायचं नाही, आणि दोन दिवसांत उतार पडला नाही तर गुमान डॉक्टर गाठायचा — सगळं सांगते. टेबलावर माझ्या आजीचा फोटो असतो. त्याला झेंडूचं एक फूल.

आता बघा — इथपर्यंत किती सोपं लिहून झालं.

आजीनं जन्मात कधी काढा केला नाही. पाल्यावर तिचा काडीचा विश्वास नव्हता. घरात कुणाला कणकण आली की ती अंगणातूनच कंपाउंडरला सांगायची, "सुई लावा बाप्पा, गोयी नोको. गोयीनं काई होत नाई." तिला एरंड आणि धोतरा एकमेकांपासून ओळखता आले असते की नाही, मला शंका आहे. त्या फोटोतली माझी आजी फूल घेऊन बसलेली असते, आणि तिच्यापुढं मी तिच्या तोंडी शब्द घालत असते.

मग शिकवलं कुणी?

भातकुलीच्या बाहेर आमची भाजीपाल्याची वाडी होती. त्या पट्ट्यात विहिरींना खारं पाणी लागतं. आमच्या विहिरीला नशिबानं गोड लागलं होतं. म्हणून वांगी, मेथी, संभार म्हणजे कोथिंबीर — बाराही महिने काहीतरी हिरवं असायचं. निंदायला बायका यायच्या. त्यांत एक मावशी होती. नाल्यापलीकडच्या बौद्ध वस्तीतली. सगळ्यांनी तिला सुभद्रा म्हणावं, मी मावशी म्हणायची. का, ते आठवत नाही. तिनंच सांगितलं असेल.

नवव्या वर्षी एका हिवाळ्यात मला खोकला धरला. सुया झाल्या. जाईना. त्या दिवसांची आठवण सगळी धुक्यातली आहे — खरंच धुकं होतं की मला ताप होता, देव जाणे. मेथीचे वाफे पांढरट दिसायचे, आणि त्या पांढऱ्यातून मावशी चालत आलेली मला दिसते, पाय नसल्यासारखी. धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, बसते. माझ्यापासून दहा पावलं लांब. आणि तिथूनच बोट दाखवते — ते, ते झाड. पांढऱ्या फुलाचं.

"पिवयं झालेलं पान घेजो, पोरी. हिरवं नोको. अन तूच तोडजो."

मी म्हटलं, तूच तोडून दे ना. मला खोकल्यानं उभं राहवत नव्हतं.

"नाई जमत तसं. ज्याच्या घरचं दुखनं, त्याच्याच घरच्या हातानं तोडाव. दुसऱ्याचा हात लागला तं गुन जाते पानातला."

मग मीच तोडली. मीच आमच्या घरून खलबत्ता आणला, तव्यावर पानं शेकली, ठेचली, फडक्यातून रस पिळला, मध घातला. ती धुऱ्यावरून सांगत राहिली. जरा कमी, आणखी घोट, थांब. माझ्या वस्तूला तिनं हात लावला नाही. चार-पाच दिवसांत छाती मोकळी झाली.

पुढं सात-आठ वर्षं असंच चाललं. मार लागला तर निरगुडी, चटका बसला तर कोरफड. प्रत्येक वेळी ती लांबून सांगायची, मी करायची. म्हणूनच मला आलं, हे आता कळतं. तिनं करून दिलं असतं तर मी नुसती पीत बसले असते. दुपारी तिला तहान लागली की आई विहिरीवरून तांब्यानं पाणी ओतायची आणि ती खाली वाकून ओंजळीत घ्यायची. पाणी तिच्या कोपरावरून ओघळताना उन्हात चमकायचं. ते मला किती सुंदर वाटायचं — सांगायला लाज वाटते, पण वाटायचं.

लग्न होऊन मी अकोल्यात आले. पहिल्याच हिवाळ्यात सासूबाईंना खोकल्यानं घेरलं. रसाची वाटी मी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती ओठांपर्यंत नेली आणि थांबल्या. वाटीच्या कडेवरून माझ्याकडं बघत विचारलं, "हे कोणाकडून शिकलीस?"

नुसती चौकशी होती ती. पण मला त्यांच्या घरात आठ महिने झाले होते, आणि पाणी कुणाच्या हातचं चालतं, कुणाच्या हातचं नाही, हे मी तोवर पाहिलं होतं. कामवाल्या बाईंचा कप खिडकीत वेगळा होता. मी खरं सांगितलं असतं तर ती वाटी खाली आली असती. आली असती का? मला आजही माहीत नाही. मी ते बघायची वेळच येऊ दिली नाही.

"माझ्या आजीकडून," मी म्हणाले.

त्या प्यायल्या.

झालं एवढंच. तरण्या सुनेचा एक शब्द, तुम्ही म्हणाल. मीही वर्षानुवर्षं तेच म्हणत आले. पण शब्द वाढला, हो. सासूबाईंनी बहिणीला सांगितलं, बहिणीनं शेजारणीला. कुणी विचारलं की आजी. आजी असं म्हणायची, आजी तसं करायची. हळूहळू मला आजी दिसायलाच लागली — धुऱ्यावर बसलेली, बोट दाखवणारी. मावशीचा पदर तिच्या डोक्यावर आला, मावशीचा आवाज तिच्या गळ्यात. दुपारी डुलकी लागली की कधी एक दिसायची, कधी दुसरी, आणि मी कुणालाही हटकत नव्हते. बायकांना सगळ्यांत जास्त आवडायचं ते तोडण्याचं. पान घरच्यानंच तोडावं, दुसऱ्याचा हात लागला तर गुण जातो. काय सुंदर विचार आहे, म्हणायच्या. पूर्वीच्या बायका किती खोल होत्या ना!

मागच्या वर्षी मावशी आली.

डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं, ते दाखवायला नातीबरोबर अकोल्याला आलेली. माझ्या भावाकडून पत्ता घेतला होता. नात तिला फाटकाशी सोडून औषधं आणायला गेली. ऐंशीच्या पुढची, वाळकी, पांढरं लुगडं, काळा चष्मा. मला हातानं चाचपून म्हणाली, "लय जाडी झाली वं तू."

शनिवार होता. बैठक भरलेली. मी तिला आत घेतलं आणि मागच्या खुर्चीवर बसवलं. बायकांनी वळून पाहिलं. मी म्हणाले, "आमच्या गावाकडच्या आहेत." त्याच्यापुढं एक शब्द नाही. आणि मी समोर जाऊन, आजीच्या फोटोशेजारी उभी राहून, अडुळसा शिकवायला लागले.

थांबता आलं असतं ना? घसा दुखतो म्हणून, गॅस संपला म्हणून? मी थांबले नाही. उलट नेहमीपेक्षा चांगली बोलले. पिवळं पान, हिरवं नको. आजी म्हणायची, घरच्या हातानंच तोडावं. वाफ वर जात होती, आणि वाफेच्या पलीकडं काळ्या चष्म्याच्या दोन काचा. त्यांत तिचे डोळे कुठं पाहत होते, कळत नव्हतं.

बायका गेल्या. मी चहा केला, घरातल्या चांगल्या कपात. हो, ते मी मुद्दाम केलं. तिनं बशीत ओतला, फुंकून प्यायली. मग म्हणाली, "ते तोडाचं तू अजून सांगून राहिली?"

मी मान हलवली. तिला ती दिसली की नाही कोण जाणे.

"अवं येडे, तसं काई नसते. पानाले काय समजते कोनाचा हात हाय त? तुह्या आजीले माह्या हातचं चालत नवतं. अन तू तं खोकून खोकून डोये फिरवून राहिली होती. मंग काय करतो? म्हनून बनोलं मी ते." आणि हसली. तोंडात दोनच दात. "इतक्या शिकल्या बाया, एकीनंबी नाई विचारलं, काहून म्हनून!"

नऊ वर्षांच्या पोरीला अपमान दिसू नये म्हणून तिनं तो नियमात गुंडाळून दिला होता — स्वतःचा अपमान, माझ्या घरानं केलेला. आणि तो मी तीसेक वर्षं आजीचं शहाणपण म्हणून वाटत होते.

नात आली. मावशी उठली, काठी चाचपली. दारात मला म्हणाली — रागानं नाही, अगदी सहज, भाजी कशी दिली विचारावं तसं — "एक डाव माह्यं नाव घेतलं असतं तं काढा कडू झाला असता का वं? तो तं आंधीच कडू असते."

रिक्षा गेली. मी फाटकाशी उभी.

इथपर्यंत तुम्ही माझ्याशी थोडे नरम असाल. भित्री होती बिचारी, सासुरवाशीण होती. म्हणूनच पुढचं सांगायला हवं. खरं लपवलं ते हे.

पुढच्या शनिवारला चार आठवडे होते. सासूबाई कधीच गेल्या होत्या. घरात मला विचारणारं कुणी नव्हतं. मी वाक्य तयार केलं — हे सगळं मला सुभद्रामावशींनी शिकवलं, भातकुलीच्या. एवढंच. कुंड्यांना पाणी घालताना ते म्हणून पाहायची. गवती चहापाशी म्हणायची, गुळवेलीपाशी म्हणायची. सोपं होतं. पाल्याच्या वासात सगळंच सोपं वाटतं.

शनिवारी बायका आल्या. मागची खुर्ची रिकामी होती. मी पान हातात घेतलं, तोंड उघडलं, आणि म्हणाले, "आजी म्हणायची, घरच्या हातानंच तोडावं."

जीभ घसरली नाही. मला माहीत होतं मी काय म्हणते आहे. त्या नियमाचा अर्थ माहीत असलेली त्या खोलीत मी एकटी होते, आणि तरी मी तो सांगितला, हसतमुखानं, नेहमीच्या जागी क्षणभर थांबून. भीती कुणाची होती? कुणाचीच नाही. त्या बायका माझ्याकडं पाहतात ते मला आवडतं, एवढंच.

एक नवीन मुलगी आली होती त्या दिवशी, नुकतं लग्न झालेली. वही घेऊन पुढंच बसली होती. शेवटी तिनं विचारलं, "काकू, आजींचं नाव काय होतं? मले वहीत वर लिहाचं हाय."

मी आजीचं नाव सांगितलं. पूर्ण नाव, आडनावासकट. तिला लिहून घेता यावं म्हणून सावकाश.